एनटी स्कॅन आणि डबल मार्कर करायचं का? कोल्हापूरकर, जरा बोला

चिंचेचं_पान
नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवत नाही. वय ३४, राहायला राजारामपुरी, पहिलीच वेळ. आठवा आठवडा संपत आलाय. पहिली सोनोग्राफी झाली. गर्भ पिशवीतच आहे, एकच आहे, ठोके लागलेत, इतकं कळलं. डॉक्टर मॅडमनी पुढचं कागदावर लिहून दिलं: १२ व्या आठवड्यात एनटी स्कॅन, सोबत डबल मार्कर, म्हणजे बाळात काही दोष असण्याची शक्यता बघायची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. "करून टाका, सगळ्याच करतात." बाहेर बाकं भरलेली होती, मीही जास्त विचारलं नाही.

नवरा शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटीला आहे. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट मोजलेली लागते, त्यामुळं त्याचं उत्तर ठरलेलं. सासूबाई कागलला असतात. त्या फोनवर म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठलं आलंय हे? अंबाबाईनं दिलंय, ती बघून घेईल." मला सुईची भीती नाही, खर्चाचंही जमेल. प्रश्न वेगळाच आहे. रिपोर्ट वाईट आला तर मी काय करणार, हे मला माहीत नाही. आणि ते माहीत नसताना तपासणी करावी का? ज्यांनी केली आणि ज्यांनी मुद्दाम केली नाही, दोघींचं ऐकायचंय.

शेंगदाणा_कूट
अभिनंदन गं! करून घे, डोक्याला ताप नको. माझं दोन्ही वेळा नॉर्मल आलं. फॉलिक ॲसिड चालू आहे ना?

कट्ट्यावरचा
सगळा धंदा आहे हो. आमच्या आज्जीला नऊ पोरं झाली, एकदाही सोनोग्राफी नाही. आता पाळी चुकली की मशीनखाली. दर पंधरा दिवसांनी एक स्कॅन, त्याचे वेगळे पैसे.

शेंगदाणा_कूट
नवातली जगली किती, तेही सांगा की मग.

कट्ट्यावरचा
सहा. मुद्दा पोचला. पण धंदा आहे हे मी मागं घेत नाही.

काळा_पांढरा_पडदा
मी रेडिओलॉजिस्ट आहे, सांगलीत. धंद्याबद्दल: दर पंधरा दिवसांनी स्कॅनची गरज नसते हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी सांगते. आपल्याकडं सगळं सुरळीत असेल तर साधारण तीन-चार होतात: सुरुवातीची, १२ व्या आठवड्याची, १८ ते २० आठवड्यांची अनॉमली, म्हणजे बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघायची, आणि शेवटी वाढ बघायला एक. पाचव्या आठवड्यात उत्साहानं येणाऱ्यांना मी सांगतो, आठ-दहा दिवस थांबा. तेव्हा नुसती पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, आणि घरी जाऊन रडारड होते. अर्थात पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर थांबायचं नाही. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि तो जिवावर बेततो.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडं येतो. एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागं त्वचेखाली जे पाणी दिसतं त्याची जाडी. सगळ्याच बाळांना ते थोडं असतं. जास्त असेल तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची (डाऊनमध्ये एक गुणसूत्र जास्त असतं आणि मुलाची समज, वाढ मागं राहते) शक्यता वाढते, हृदयाच्या दोषाचीही वाढते. हे माप ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच घेता येतं, त्यानंतर त्याला अर्थ राहत नाही. डबल मार्कर म्हणजे आईच्या रक्तातले दोन घटक. वय, एनटी आणि हे दोन आकडे एकत्र करून संगणक एक शक्यता काढतो. डाऊनच्या शंभरातल्या ८५ ते ९० केसेस यात पकडल्या जातात, आणि निरोगी बाळ असलेल्या शंभरातल्या साधारण पाच बायकांना विनाकारण 'हाय रिस्क' असा शिक्का बसतो.

लोक गडबडतात ते इथंच. 'हाय रिस्क, १:१८०' म्हणजे बाळाला आजार आहे असा अर्थ नाही. असाच रिपोर्ट आलेल्या १८० बायका रांगेत उभ्या केल्या तर एकीच्या बाळाला डाऊन असेल, १७९ जणींच्या बाळांना नसेल. तसंच 'लो रिस्क' म्हणजे हमीपत्र नव्हे. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. निदान हवं असेल तर वार म्हणजे प्लॅसेंटाचा तुकडा घेणं, किंवा १६ व्या आठवड्याच्या पुढं पोटातून सुईनं गर्भजल काढणं, ज्याला आपण ॲम्निओ म्हणतो. त्यात गर्भपाताचा धोका असतो. पूर्वी शंभरात एक सांगत, अनुभवी हातात तो त्याच्याहून बराच कमी आहे, पण शून्य नाही.

आणि १२ व्या आठवड्याची भेट फक्त डाऊनसाठी नसते. डोक्याची कवटी, पोटाची भिंत, हातपाय यांतले मोठे दोष तेव्हाही दिसतात. जुळं असेल तर वार एक की दोन, हे त्याच वेळी नीट कळतं. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह (डॉपलर) आणि बीपी बघून पुढं प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढणं, होण्याची शक्यता काढता येते. ती जास्त असेल तर १६ व्या आठवड्याआधी ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात आणि तिचा खरोखर उपयोग होतो. तुम्ही ३४ च्या आहात, पहिलीच वेळ आहे, म्हणून हे सांगतोय. म्हणजे 'वाईट रिपोर्ट आला तर पाडायचं का' एवढ्याच प्रश्नावर ही भेट टाळू नका. स्कॅन करून डबल मार्कर न करणं हाही एक रस्ता आहे.

चिंचेचं_पान
हे मला कुणीच असं सांगितलं नव्हतं. आभार, सर. वयाचं काय? सगळे ३५, ३५ करतात.

काळा_पांढरा_पडदा
३५ ला काही कडा नाही की त्यावरून पाय घसरला. डाऊनची शक्यता २५ व्या वर्षी साधारण साडेबाराशेत एक, ३५ व्या वर्षी साडेतीनशेत एक, ४० व्या वर्षी शंभरात एक. चढण हळूहळू आहे, पुढं जरा उभी. वय प्रसूतीच्या तारखेचं धरतात, त्यामुळं तुम्ही ३५ च्या जवळच. पण एक लक्षात घ्या, डाऊनची बरीचशी बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण मुळात बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात.

पायवाट
माझं सांगते. वय तेव्हा ३१. एनटी नॉर्मल, नाकाचं हाडही दिसलं (ते दिसणं चांगलं), पण डबल मार्करमध्ये १:११० आलं. लॅबनं रिपोर्ट थेट व्हॉट्सॲपवर पाठवला, लाल अक्षरात 'हाय रिस्क'. संध्याकाळी सातला. डॉक्टरांचा फोन बंद. ती रात्र कशी गेली ते इथं लिहीत नाही.

सकाळी डॉक्टरांनी फॉर्म मागवून बघितला, तर वजन चुकीचं भरलेलं. ५८ च्या जागी ८५. पाळीची तारीखही सोनोग्राफीशी जुळत नव्हती. पुन्हा गणित केलं तेव्हा आकडा खाली आला, तरी हद्दीच्या अलीकडं पलीकडं. मग आम्ही एनआयपीटी केलं. आईच्या रक्तात बाळाच्या बाजूचे डीएनएचे तुकडे फिरत असतात ते तपासतात, दहाव्या आठवड्यापासून करता येतं. दहा हजारांच्या वर गेला खर्च. लो रिस्क आलं. मुलगा आता बालवाडीत जातो.

तेव्हा रक्त देताना फॉर्मवर वजन, उंची, पाळीची तारीख, आयव्हीएफ असेल तर ते, मधुमेह असेल तर तो, सगळं स्वतः वाचून मग सही करा. या आकड्यांवरच ते गणित चालतं. आणि रिपोर्ट रात्रीचा उघडू नका. हा वैद्यकीय सल्ला नाही, बाईमाणसाचा आहे.

सुंठवडा
जन्मतारीखपण बघा गं! आमच्या भागात निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना जी टाकली तीच आधारवर. माझ्या मोठ्या जाऊबाई आधारवर ३८, खऱ्या ३६. लॅबवाला आधार बघून वय घालतो.

काळा_पांढरा_पडदा
हसू आलं, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. खरं वय माहीत असेल तर डॉक्टरांना सांगा.

एनआयपीटीबद्दल दोन ओळी. '९९ टक्के अचूक' ऐकून लोक तेच निदान समजतात. डाऊनच्या बहुतेक केसेस ते पकडतं हे खरं. पण समजा हजार तरुण बायकांत एकीच्याच बाळाला डाऊन आहे आणि चाचणी हजारात एकीला खोटा पॉझिटिव्ह देते. मग पॉझिटिव्ह आलेल्या दोघींपैकी एकीचं बाळ निरोगी आहे. म्हणून पॉझिटिव्ह एनआयपीटीवर कुणीही गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, ॲम्निओनं खात्री करावी. शिवाय हे रक्त हृदय, मणका, किडनी यांबद्दल काही सांगत नाही. स्कॅनला ते पर्याय नाही.

गूळ_घाणा
राम राम. मी राधानगरीकडचा. आमचं लग्न मामाच्या पोरीशी झालंय. आमच्याकडं चालतंच, नवीन काय नाही. मंडळी तिसऱ्या महिन्यात हाय. डबल मार्कर नॉर्मल आलंय. आता टेन्शन नाही न्हवं? चुलत्याचं एक पोरगं लहानपणीच गेलं, त्येंचंबी लग्न मामाच्याच पोरीशी.

काळा_पांढरा_पडदा
भाऊ, बरं झालं विचारलंत. डबल मार्कर तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते गुणसूत्रांची संख्या कमीजास्त आहे का, याचा अंदाज देतं. नात्यातल्या लग्नात धोका वेगळा असतो. दोघांत एकच सदोष जनुक आजोबा-आजीकडून आलेलं असू शकतं आणि दोन्हीकडून बाळात उतरलं तर आजार होतो. कुठल्याही जोडप्याला जन्मजात दोष असलेलं मूल होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या मामे-आत्ये भावंडांत ती साधारण दुप्पट धरतात. म्हणजे शंभरात नव्वदच्या वर बाळं ठीकच असतात, घाबरायचं कारण नाही. पण चुलत्यांचं मूल कशानं गेलं हे शोधा. जुने कागद असतील तर ते, नसतील तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: फिट येत होत्या का, त्वचा कशी होती, मान धरत होता का. ते घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडं, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडं जा, आता लगेच. आजाराचं नाव कळलं तरच त्याची तपासणी पोटात असताना करता येते.

गूळ_घाणा
आज्जीला इचारतो. ती सांगंल, तिला समदं ध्यानात असतंय. लई उपकार.

गांधीनगरवाली
यात माझं एक घाला. मी सिंधी, जन्म कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा, मराठी शाळेत शिकलेली. आमच्या समाजात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. वाहक असणाऱ्याला स्वतःला काही होत नाही, फार तर थोडा ॲनिमिया, त्यामुळं पत्ताच लागत नाही. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे जन्मभर रक्त चढवणं. माझ्या मावसभावाचं बालपण रक्तपेढीत गेलंय. तपासणी साधी आहे, रक्ताची, एचबीए२ नावाची, एकदाच करायची. पहिल्या भेटीतच करा. बायको वाहक निघाली तर लगेच नवऱ्याची. १२ व्या आठवड्याला कळलं तर हातात वेळ असतो, २० व्याला कळलं तर पळापळ. आणि हे फक्त सिंध्यांचं नाही हं, मराठी घरांतपण सापडतात. एनटी-डबल मार्करच्या गडबडीत हे विसरलं जातं.

चिंचेचं_पान
माझी ती झालेलीच नाही. लिहून घेतलं.

निळी_छत्री
धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. माझी मुलगी डाऊन सिंड्रोमची आहे. नऊ वर्षांची. मी तेव्हा २६ ची होते, गडहिंग्लजला माहेरी होते, वय कमी म्हणून कुणी डबल मार्कर सुचवलंही नाही. अनॉमली स्कॅन गावातच झालं, 'सगळं ठीक' असं लिहून आलं.

लोक मला दोनच प्रश्न विचारतात. तपासणी का केली नाही, आणि आधी कळलं असतं तर काय केलं असतं. दुसऱ्याचं उत्तर देणं मी बंद केलंय. पोरगी समोर बसलेली असते हो, तिच्यासमोर विचारतात.

पण तपासणीबद्दल सांगते. तिच्या हृदयात मोठं छिद्र होतं. डाऊनच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, हे मला नंतर कळलं. जन्मली छोट्या दवाखान्यात. दूध ओढायची नाही, ओठ निळे पडायचे, आणि आम्हाला सांगितलं जायचं की "पहिलटकरीण आहे, पाजता येत नाही." माझ्या पाजण्यावर घरात किती बोललं गेलं! छिद्र कळलं तोवर तिचं वजन इतकं कमी होतं की ऑपरेशनला थांबावं लागलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळाली, ऑपरेशन झालं, आता ती धडधाकट आहे. पण आधी माहीत असतं तर मी बाळंतपण लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत तिथं केलं असतं. इतकंच. काही जणांना माहिती हवी असते ती मूल नको म्हणून नाही, तयारी म्हणून. डॉक्टर मंडळी विचारताना हा रस्ता धरतच नाहीत. 'पॉझिटिव्ह आलं तर पुढं काय' याचं त्यांच्याकडं एकच उत्तर असतं.

आता ती शेंडा पार्कच्या चेतना शाळेत जाते. केएमटीत खिडकीच मिळायला पाहिजे, नाहीतर पूर्ण बस डोक्यावर. थायरॉइडची गोळी रोज. बोलणं अजून बाहेरच्यांना नीट कळत नाही. माझी नोकरी सुटली. आमच्यानंतर हिचं कोण, हा विचार रोज येतो. हे सगळं खरं आहे आणि खिडकीही खरी आहे.

कोरडा_दुष्काळ
ताईंबद्दल आदर आहे. पण जाणूनबुजून असं मूल जन्माला घालणं हा त्या मुलावरच अन्याय नाही का? विज्ञान आहे तर वापरा.

पायवाट
त्यांनी जाणूनबुजून काही केलेलं नाही, वाचा नीट. आणि केलं असतं तरी तुम्ही कोण?

निळी_छत्री
राहू दे पायवाट. यांच्यासारखे रोज भेटतात. दादा, अन्याय म्हणाल तर बागेत शेजारच्या बाईंनी स्वतःची मुलं उचलून दुसऱ्या घसरगुंडीवर नेली, तो अन्याय. बाकी तिचं बरं चाललंय.

रानजाई
मी तपासणी मुद्दाम न केलेली. वय ३०. दोघांनी आधी बसून बोललो. काहीही निघालं तरी मूल ठेवायचं, हे आमचं पक्कं होतं, धार्मिक कारण नाही, असंच. मग डबल मार्करच्या आकड्यानं फक्त सहा महिने छाती धडधडणार, ॲम्निओ तर करणारच नव्हतो. डॉक्टर नाराज झाल्या, केसपेपरवर 'नाकारले' असं लिहून सही घेतली. ते योग्यच. एनटी स्कॅन आणि अनॉमली मात्र दोन्ही केलं, कारण मणक्यात, हृदयात काही असेल तर बाळंतपण कुठं करायचं ते ठरवता आलं असतं. निळी_छत्री म्हणतात तेच.

एकच गोष्ट: मला हे जमलं कारण नवरा आणि मी एका मतावर होतो. घरात दोन मतं असतील तर 'नको' म्हणणाऱ्या बाईवर सगळं खापर फुटतं. चिंचेचं_पान, तुझ्याकडं तोच पेच दिसतोय.

नवा_सदस्य_२१
एनआयपीटीमध्ये ते दुसरं पण कळतं म्हणे? म्हणजे कोण आहे ते. बाहेरच्या राज्यात सॅम्पल पाठवलं तर सांगतात असं ऐकलं.

व्यवस्थापक
यानंतर आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. हा विषय इथं चालणार नाही. पुन्हा विचारल्यास खातं बंद.

वकिलीण_शाहूपुरी
व्यवस्थापकांनी बरं केलं. गर्भलिंग सांगणं, विचारणं, सुचवणं सगळाच गुन्हा आहे, राज्य कुठलंही असो. भारतातल्या एनआयपीटी रिपोर्टमध्ये लिंगाची माहिती देत नाहीत. नव्या मुलींना माहीत नसेल, पण २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचं नाव घेणारा जिल्हा! लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र जोडलं होतं, प्रत्येक तपासणीची नोंद राहावी म्हणून. म्हणून आज सोनोग्राफीला गेलं की एफ फॉर्म, आधार, आधीच्या मुलामुलींची वयं आणि 'मला लिंग जाणून घ्यायचं नाही' यावर सही. डॉक्टर पडदा वळवून दाखवत नाहीत किंवा सासूला आत घेत नाहीत, त्याचा राग मानू नका.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा, त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ठरावीक कारणं लागतात, त्यात गर्भातला गंभीर दोष येतो. २४ च्या पुढं मोठा दोष असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळानं मान्य केलं तर. संमती सज्ञान बाईची एकटीची लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठंही नाही, दवाखाने सवयीनं मागतात. आणि ॲम्निओसारख्या तपासणीआधी संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. इंग्रजी कागदावर 'इथं सही करा' म्हणाले तर थांबा, मराठी मागा.

हे तपासणी ठरवण्याआधीच माहीत असावं. १२ व्या आठवड्याला चाळणी, १६ ला ॲम्निओ, त्याचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे, म्हणजे १९ वा आठवडा उजाडतो. उशिरा सुरुवात केली की प्रत्येक पायरी हद्दीला टेकते.

काळा_पांढरा_पडदा
वकीलताई, एक भर. ॲम्निओत डाऊनपुरता प्राथमिक रिपोर्ट दोन-चार दिवसांतही मिळतो. आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं (बाळाचा गट वेगळा असेल तर आईच्या रक्तात त्याविरुद्ध घटक तयार होऊ नयेत म्हणून), ते आठवणीनं विचारा.

वाडीवरची_आशा
मी आशा कार्यकर्ती आहे, शाहूवाडी तालुका. तुमचं सगळं वाचून एकच वाटलं, की आमच्याकडं प्रश्नच वेगळा. माझ्या वाडीवरून सोनोग्राफीला जायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि बाई बहुतेक वेळा चौथा लागल्यावरच सांगते. तिसरा सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, नजर लागते. तोवर एनटीची वेळ निघून गेलेली असते. डबल मार्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही, खाजगीत दोन-तीन हजार. भात लावणीच्या दिवसांत कोण देणार?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, सुरक्षित मातृत्व अभियानात. मोठं काही निघालं तर कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला पाठवतात. एनटी चुकलं म्हणून सगळं गेलं असं नसतं ना डॉक्टरसाहेब? मी बायकांना काय सांगू?

काळा_पांढरा_पडदा
आशाताई, नाही गेलं. १५ व्या आठवड्यापासून क्वाड्रुपल मार्कर होतं, रक्ताचीच तपासणी आहे, थोडी कमी पकड असली तरी चालते. आणि ते परवडत नसेल तर सगळी ताकद १८ ते २० आठवड्यांच्या अनॉमली स्कॅनवर लावा, २० च्या आत. त्यातही डाऊनची निम्मीअधिक बाळं काहीच वेगळं दाखवत नसतील, हे माहीत असावं. पण मणका, मेंदू, हृदय, किडनी यांचे मोठे दोष तिथं कळतात. तुमच्या बायकांसाठी फॉलिक ॲसिडची गोळी लग्नानंतर लगेच सुरू झाली तर ती कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त कामाची. मणक्याची नळी पाळी चुकल्यावर पंधरवड्यातच मिटते, तिसऱ्या महिन्यात गोळी देऊन त्याला उपयोग नाही.

वाडीवरची_आशा
नव्या नवरीला ती गोळी दिली की सासू म्हणते, एवढ्यात कशाला? बघते. गोळीचं नाव न घेता देऊन बघते, 'रक्ताची आहे' म्हणून.

काळा_पांढरा_पडदा
नाव घेऊनच द्या हो. पण तुमचं गाव तुम्हाला जास्त कळतं.

चिंचेचं_पान
सगळ्यांना एकेकटं उत्तर द्यायचं होतं, पण मळमळीनं बसवत नाही. काल आम्ही दोघं रंकाळ्यावर बसून बोललो. मी त्याला रानजाईचा आणि निळी_छत्रीताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, फाउंड्रीत सगळ्या जॉबवर, म्हणजे ओतलेल्या भागांवर, आधी वरवरची तपासणी होते आणि शंका आली तोच जॉब कापून बघतात, पण कापलेला जॉब आम्ही परत भट्टीत टाकतो, इथं तसं नाही. त्याला पहिल्यांदाच कळलं की मला कसली भीती वाटते.

ठरलं ते असं. एनटी स्कॅन करणार. डबल मार्करही करणार, पण रिपोर्ट लॅबकडून थेट नको, डॉक्टर मॅडमच्या हातूनच घ्यायचा, हे आधी सांगून ठेवणार. हाय रिस्क आलं तर एनआयपीटी. ॲम्निओचं काही ठरवलेलं नाही. तेव्हा काय वाटेल ते आत्ता सांगता येत नाही, आणि मॅडमना तसंच सांगणार आहे. अशा बाळाला वाढवणाऱ्या एखाद्या घरी आधी जाऊन यावं असं मला वाटतंय. निळी_छत्रीताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, जमलं तरच उत्तर द्या.

सासूबाईंना मी फोनवर सांगितलं की या स्कॅनमध्ये हृदयही बघतात. त्यांचा पहिला मुलगा जन्मून दोन दिवसांत गेला होता, हे मला लग्नाला पाच वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. आता त्याच म्हणतात, तारीख सांग, मी येते कागलहून. आत घेणार नाहीत हे सांगितलंय. बाहेर बसते म्हणाल्या.

निळी_छत्री
निरोप बघितला. रविवारी या. दुपारी नको, ती झोपते आणि उठवलं तर कुणाचीच खैर नाही.

काळा_पांढरा_पडदा
चिंचेचं_पान, तुमच्या सासूबाईंच्या त्या बाळाबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. निळं पडलं होतं का, वजन किती होतं, आठवेल तेवढं विचारून घ्या. नवऱ्याच्या सख्ख्या भावाला हृदयाचा दोष असेल तर २० ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची स्वतंत्र सोनोग्राफी सुचवली जाऊ शकते. आणि एनटीची तारीख पाळीवरून नव्हे, पहिल्या सोनोग्राफीत आलेल्या आठवड्यांवरून मोजा. दोन्हींत आठवड्याभराचा फरक असेल तर सोनोग्राफीचंच धरतात.

गूळ_घाणा
आज्जीला इचारलं. पोरगं सात म्हयन्याचं हुतं, मान धरत न्हवतं, सारखं झटकं येत हुतं म्हणती. आन् आणखी एक सांगितलं, तिच्या भणीचंबी एक तसंच गेलं. सोमवारी काउन्सेलरची वेळ मिळालीय. वंशावळ कागदावर काढून न्यायची म्हणालेत. किती पिढ्या काढू?

काळा_पांढरा_पडदा
तीन पुरे. आज्जीच्या बहिणीचं घरही त्यात घ्या, आणि कोणाचं लग्न नात्यात झालं ते दुहेरी रेघेनं दाखवा.